शंभर किलोपलीकडची पहिलटकरीण: एका प्रसूतीचा प्रकरण अभ्यास

वय २७, पहिलटकरीण. उंची १५४ सेंटिमीटर. दहाव्या आठवड्यात नाव नोंदवायला आली तेव्हा वजन ९७ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ४०.९. जागतिक मापाने ३० आणि भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ४० च्या पुढचा गट सर्वांत वरचा, आणि ही त्यात. पतसंस्थेत कॅशियर, दिवसभर खुर्चीत. पीसीओडी (बीजकोशाचा विकार), लांबणारी पाळी, बीज तयार व्हावं म्हणून दिलेल्या लेट्रोझोलच्या गोळ्यांवर राहिलेले दिवस. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

रुग्णालय तालुक्याच्या गावचं. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, बोलावल्यावर येणारे एक भूलतज्ज्ञ, रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी, तासाभराच्या अंतरावर. हे आधीच सांगते, कारण पुढचे बरेचसे निर्णय या चार गोष्टींवरच ठरले.

पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "मॅडम, माझं सिझरच करावं लागणार ना?" आधी जिथं दाखवलं होतं तिथं तसं सांगून झालं होतं. नुसतं वजन हे सिझरचं कारण होत नाही, हे मी तिला सांगितलं. मात्र वजनामुळे आपल्या तयारीची यादी लांबते आणि ती कळा सुरू व्हायच्या आत संपवावी लागते, हेही सांगितलं.

नऊ महिन्यांतलं थोडं

तिच्या फाइलवर बीपी १५०/९६ लिहिलेलं होतं आणि बीपी उतरवणारं लॅबेटालॉल सुचवलेलं होतं. गोळी अजून सुरू झाली नव्हती. दंडाचा घेर टेपनं मोजला तर ३८ सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा तिच्या दंडाला जेमतेम पुरत होता. हवा भरली की वेल्क्रो करकरत सुटायचा आणि सिस्टर तो हातानं दाबून धरायच्या. जाड दंडाला अरुंद पट्टा लावला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा लावून, थोडा वेळ शांत बसवून दोन्ही हातांचं घेतलं: १२६/८२. गोळी लागलीच नाही. असा चुकीचा आकडा फाइलवर एकदा बसला की निघत नाही. पुढे नवव्या महिन्यात खरंच बीपी चढलं तरी ‘हिचं पहिल्यापासूनच आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं. मोठा पट्टा फार महाग नसतो, तरी अनेक ओपीडींमध्ये तो नसतो, याचं मला नवल वाटत आलं आहे.

पुढे बीपी चढू नये म्हणून बाराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम, ३६ व्या आठवड्यात बंद. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्या भेटीत १३२, पंचविसाव्या आठवड्यात १५८. १४० च्या वर गेलं की गर्भारपणातला मधुमेह. आधी आहार, मग मेटफॉर्मिन. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर राहिली, इन्सुलिन लागलं नाही. बाळातले दोष पाहायची सोनोग्राफी एका खेपेत पुरी झाली नाही. चरबीच्या थरातून हृदयाचे कप्पे धूसर दिसत होते, म्हणून २२ व्या आठवड्यात परत बोलावलं आणि बेंबीतून प्रोब लावून पाहिलं, तिथं थर सर्वांत पातळ असतो.

वजन. एवढ्या बीएमआयला नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ पुरते. सासूबाईंना हे पटणं अवघड होतं. नववा लागला की दुधात तूप घालून द्यायचं, वाट मोकळी होते, असं त्यांचं ठाम मत. "काकू, तूप पोटात जातं, वाटेवर येत नाही," एवढंच म्हणाले. तूप थांबलं की नाही ते कळलं नाही, पण ३९ व्या आठवड्यात वजन १०६ भरलं, म्हणजे वाढ बरोबर नऊ किलो.

तयारी

चौतिसाव्या आठवड्यात भूलतज्ज्ञांना मुद्दाम बोलावून तिची तपासणी करून घेतली. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत कामाची भेट हीच. मान आखूड, गळ्याचा घेर ४१ सेंटिमीटर, तोंड उघडल्यावर घशाचा मागचा भाग जेमतेम दिसणारा, रात्री घोरणं. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालणं कठीण जाणार, हे त्याच दिवशी कागदावर आलं.

त्यातूनच एपिड्युरलचा, म्हणजे पाठीत बारीक नळी बसवून कमरेखाली भूल द्यायचा, निर्णय झाला. नवऱ्याला वाटलं, ‘पेनलेस’ म्हणजे वरचा खर्च. त्याला समजावलं की इथे कळांचा त्रास कमी होणं हा दुय्यम फायदा. मध्यरात्री बाळाचे ठोके पडले आणि सिझर करायचं ठरलं, तर पाठीतली नळी आधीच बसलेली असावी, म्हणजे त्याच नळीतून औषध वाढवता येतं आणि गळ्यात नळी घालायचा प्रसंग टळतो. ऐन घाईत, कळांनी कळवळणाऱ्या बाईच्या न लागणाऱ्या मणक्यात सुई शोधत बसणं हा सर्वांत वाईट पर्याय.

बाकीची तयारी सुताराच्या कामासारखी, मोजमापाची. ओटी टेबलाच्या खालच्या पाटीवर १३५ किलो लिहिलेलं सापडलं, म्हणजे चालणार होतं; टेबल आडवं तिरकं करताना ही मर्यादा आणखी उतरते हे लक्षात ठेवायचं. ट्रॉलीची पाटी पुसलेली होती, ती बदलली. लांब सुया, मोठे रिट्रॅक्टर, खांद्याखाली उतार करायला चादरींची चळत. सिझर झालंच तर सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम (१२० किलोपासून ३ ग्रॅम देतात), चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड म्हणून तो वेगळा शिवायचा. पोटाची घडी चिकटपट्ट्यांनी छातीकडे ओढायची नाही, कारण त्यानं जाग्या बाईचा श्वास कोंडतो. जुळवून पाहिलेल्या रक्ताच्या दोन पिशव्या प्रसूतीच्या आदल्या दिवशी आणून ठेवल्या.

आणखी एक अट मी घातली होती: भूलतज्ज्ञ ती रात्र रुग्णालयातच थांबतील. ते थांबणार नसते तर मी तिला जिल्ह्याला पाठवलं असतं. घरून यायला अर्धा तास लागणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या भरवशावर अशा बाईला ‘नॉर्मलची वाट पाहू’ म्हणणं मला पटत नाही.

कळांचा दिवस

मेटफॉर्मिनवरचा मधुमेह असल्यानं ३९ आठवडे पुरे होताच कळा सुरू करायचं ठरलं. सोनोग्राफीनं बाळाचा अंदाज साडेतीन किलो. हा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, म्हणजे बाळ तीन किलोचंही असू शकत होतं आणि चारचंही. साडेचार किलोच्या पुढे अंदाज गेला असता तर मधुमेह असताना मी सरळ सिझर सुचवलं असतं.

सोमवारी संध्याकाळी सातला फोली (टोकाला फुगा असलेली रबरी नळी) घालायची होती. स्पेक्युलम (आत पाहायचं दोन पात्यांचं उपकरण) उघडलं तरी योनीच्या बाजूच्या भिंती आत कलंडत होत्या आणि गर्भपिशवीचं तोंड दिसेना. कंडोमचं टोक कापून ते स्पेक्युलमच्या पात्यांवर चढवलं, भिंती बाहेर थोपल्या गेल्या आणि तोंड समोर आलं. कमरेखाली उशी. फोलीचा फुगा ६० मिलिलिटरला फुगवला, सोबत कळा आणणारं मिसोप्रोस्टॉल दर दोन तासांनी तोंडानं २५ मायक्रोग्रॅम, पहाटे तीनपर्यंत. पाचला फोली निघाली, तोंड तीन सेंटिमीटर. सातला कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन.

एपिड्युरल साडेनऊला, चार सेंटिमीटरवर. पाठीवर मणक्याचं एकही हाड हाताला लागत नव्हतं. सोनोग्राफीच्या प्रोबनं मधली रेषा शोधून पेनानं खूण केली, खोली मोजली: साडेसात सेंटिमीटर. साधी सुई जेमतेम पुरली, तिसऱ्या प्रयत्नाला जागा सापडली. नळी बसल्यावर लगेच चिकटपट्टी लावली नाही. वाकून बसलेली जाड बाई कुशीवर झाली की कातडी आणि मणक्यातलं अंतर वाढतं आणि नळी बाहेरच्या बाजूनं आत ओढली जाते. बसल्या बसल्या पट्टी लावली तर नळी आतून सुटते आणि दोन तासांनी ‘एपिड्युरल चालत नाही’ अशी हाक येते. तिला डाव्या कुशीवर झोपवलं, नळी आपोआप आत सरकू दिली, मग पट्टी.

साडेदहाला पाण्याची पिशवी फोडली, पाणी स्वच्छ. साखर दर तासाला, ७० ते ११० च्या दरम्यान राहिली. दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची गुंडाळी, दर थोड्या वेळानं कूस बदलणं.

खरी डोकेदुखी ठोक्यांची. बाळाचे ठोके नोंदणाऱ्या एनएसटी मशीनचा प्रोब पोटाच्या घडीवरून घसरत होता आणि कागदावर तुटक रेघा येत होत्या. शेवटी घडी वर उचलून, प्रोब तिच्याखाली लावून एक सिस्टर तो हातानं धरून बसल्या. साडेचारला ठोके एकदम ९० वर दिसले. धावाधाव व्हायच्या आत तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे पाहिलं, तिथंही ९०. मशीन आईची नाडी मोजत होतं. प्रोब दोन बोटं सरकवला, बाळाचे १४२. जाड पोटातून ठोके ऐकताना आईची नाडी शेजारी दिसत राहिली पाहिजे, नाहीतर एक दिवस बरं असलेल्या बाळासाठी सिझर होतं किंवा, त्याहून वाईट, आईच्या नाडीलाच बाळाचे ठोके समजून आपण निर्धास्त बसतो.

साडेसहा

दुपारी अडीचला पाच सेंटिमीटर. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा पाचच. बाहेर सासूबाई, तिची आई, नवरा, आत ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, "मॅडम, ओटी तयार ठेवू?" ओटी सकाळपासून तयारच होती. सिझर ठरलेलं नव्हतं, आणि ते ठरवायचं की नाही हाच या प्रकरणाचा गाभा.

बहुतेक प्रसूतीगृहांत अजून तासाला एक सेंटिमीटरचा हिशेब मनात असतो. तो १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखातून आला आणि पुढे पार्टोग्राफच्या (प्रसूतीची प्रगती नोंदायच्या तक्त्याच्या) रेषेत पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रसूतीचा नवा तक्ता आणला, त्यात जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात आणि पाचवर सहा तास थांबलं तरच धोक्याची खूण करतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये तर सहा सेंटिमीटरच्या आत ‘प्रगती थांबली’ हे निदानच करू नका म्हटलं.

हे झालं सर्वांसाठी. वजनदार बाईचं घड्याळ त्याहून संथ. एक लाखाहून अधिक प्रसूतींच्या अमेरिकी नोंदी २०११ मध्ये तपासल्या गेल्या. पहिलटकरणींना चार सेंटिमीटरपासून पूर्ण उघडायला बीएमआय २५ च्या आत असताना मधला वेळ ५.४ तास, ४० च्या पुढे ७.७ तास. बाळ खाली ढकलायचा दुसरा टप्पा मात्र वजनानं फारसा लांबत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे: ‘चरबीमुळे वाटच अरुंद’ ही समजूत खरी असती तर दुसरा टप्पा लांबला असता. लांबतो पहिला, म्हणजे उणीव कळांच्या जोरात आहे. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये सिझरच्या वेळी घेतलेल्या गर्भाशयाच्या स्नायूचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले. लठ्ठ बायकांचा स्नायू कमी जोरानं आणि कमी वेळा आकसत होता. म्हणून ऑक्सिटोसिनही जास्त लागतं.

हे डोक्यात ठेवून तपासलं. डोकं एक बोट वर, टाळूच्या हाडांची एकमेकांवर चढ नाही, डोक्याला सूज नाही, पाणी स्वच्छ, ठोके छान वरखाली होणारे. कळा? मशीनच्या कागदावर कळांची रेघ जवळजवळ सपाट, कारण घडीतून दाब नोंदलाच जात नव्हता. आणि कागदावर काही दिसत नाही म्हणून दिवसभर सलाईन वाढवायला सगळे बिचकत होते. ते मिनिटाला १२ मिलियुनिटवरच थांबलेलं. मी घडीच्या वर, पोटाच्या बाजूला तळहात खोल दाबून बसले. दहा मिनिटांत तीन कळा, तिसाव्या-पस्तिसाव्या सेकंदाला विरणाऱ्या. म्हणजे पाचवर थांबलेली ही बाई अडलेली नव्हती, तिला पुरेशा कळाच मिळाल्या नव्हत्या.

सलाईन टप्प्याटप्प्यानं २४ पर्यंत वाढवायचं ठरलं. फाइलवर वेळ घालून लिहिलं: साडेनऊला पुन्हा तपासणी, जोराच्या कळा असूनही पाचच राहिले, डोक्याला सूज आली, किंवा ठोके बिघडले तर सिझर. आणि ठोके बिघडायला लागले तर नेहमीपेक्षा आधी निर्णय, कारण अशा बाईत निर्णयापासून बाळ हातात येईपर्यंतचा वेळ जास्त जातो. हेच शब्द बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगितले. साडेनऊ हा आकडा ऐकल्यावर नवरा शांत झाला. ‘बघू या’ म्हटलं असतं तर झाला नसता.

सिझर आत्ताच केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं. प्रश्न रास्त होता. अशा पहिलटकरणींत कळा सुरू करून शेवटी सिझर होण्याचं प्रमाण साध्या वजनाच्या बाईच्या दुपटीच्या घरात जातं, त्यामुळे आधीच ठरवून सिझर करा म्हणणारे अनाडी नाहीत. पण सिझर झालेल्या जाड पोटाची जखम घडीच्या ओलसर सावलीत भरत असते. ती चिघळणं, उसवणं, पायात गुठळी होणं हे सगळं वजनाबरोबर वाढतं. आणि ही पहिलटकरीण: पुढच्या खेपेला त्याच पोटातून, जुन्या व्रणावरून जायचं. तयारी पुरी असताना आणखी तीन तास देणं मला कमी धोक्याचं वाटलं.

साडेनऊला सात सेंटिमीटर. अकरा चाळीसला पूर्ण.

जन्म आणि त्यानंतरचा तास

तासभर तिला जोर करू दिला नाही, डोकं आपसूक उतरू दिलं. मग जोर. एक बावन्नला डोकं बाहेर आलं आणि हनुवटी परत आत ओढल्यासारखी झाली. मी मोठ्यानं "खांदा!" म्हटलं, म्हणजे बाळाचा खांदा अडकला. कुणी काय करायचं हे संध्याकाळीच ठरलेलं होतं: दोघींनी एकेक मांडी पोटाकडे दुमडली, तिसरीनं आधी पोटाची घडी दोन्ही हातांनी वर उचलली, आणि चौथीनं जघनाच्या हाडावरून खांद्यावर दाब दिला. घडी न उचलता दिलेला दाब चरबीतच मुरतो. खांदा साधारण मिनिटभरात सुटला. मुलगी, ३.६२ किलो, लगेच रडली, दोन्ही हात हलवत होती. तासाभरानं साखर ४८, दूध पाजल्यावर ५६.

वार आली आणि रक्त थांबेना. खाली मोजपट्टीची प्लास्टिक पिशवी लावलेली होती; ती पाचशेच्या खुणेवर पोचली तेव्हाच उपचार सुरू झाले. नुसत्या नजरेच्या अंदाजावर असतो तर आणखी पंधरा मिनिटं गेली असती. ऑक्सिटोसिन शिरेतून, कारण चरबीत पडलेलं इंजेक्शन स्नायूपर्यंत कितपत पोचेल याची खात्री नसते. रक्त थांबवायला ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम. वरून गर्भपिशवी चोळायला हाताला सापडेना, म्हणून एक हात आतून, एक बाहेरून दाबून धरला. दमा नाही ना, हे विचारून गर्भपिशवी आकसवणारं कार्बोप्रोस्ट लांब सुईनं मांडीत. एकूण ९०० मिलिलिटर रक्त गेलं. हिमोग्लोबिन ११.४ वरून ९.२, रक्ताच्या पिशव्या न वापरता परत गेल्या, शिरेतून लोह दिलं.

सकाळी सातला एपिड्युरलची नळी काढली, दुपारी तीनला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एनोक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम सुरू. ९१ ते १३० किलोपर्यंत रोज एवढं लागतं. नेहमी दिलं जाणारं ४० मिलिग्रॅम हिला अपुरं पडलं असतं. बीएमआय ४० च्या पुढे असेल तर नॉर्मल प्रसूतीनंतरही निदान दहा दिवस. इंजेक्शन द्यायला नवरा शिकला. दूध चौथ्या दिवशी उतरलं. वजनदार बाळंतिणीला ते उशिरा उतरतं हे आईला आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वरचं दूध घरात आलं नाही. डिंकाच्या लाडवांवर तडजोड झाली, रोज अर्धा.

सहा आठवड्यांनी साखरेच्या चाचणीला बोलावलं होतं, ती आली नाही. आली चौथ्या महिन्यात, मुलीच्या लशीच्या निमित्तानं. वजन ९८. उपाशीपोटी १०४, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बीपी मोठ्या पट्ट्यानं १२४/८०. एवढ्या वजनाला इस्ट्रोजेनच्या गोळ्या गुठळीच्या भीतीनं नकोत, म्हणून त्याच दिवशी तांबी बसवली. दुसरं मूल हवं आहे, पण तीन वर्षांनी, असं म्हणाली. वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेबद्दल तिनंच विचारलं. एवढ्या बीएमआयला तिचा विचार करता येतो आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, हे सांगितलं. जिल्ह्याच्या सर्जनांच्या नावची चिठ्ठी घेऊन गेली आहे.